उपज कोणाची?

गवयी पूर्वीं बांधलेली चीज बांधल्याप्रमाणें म्हणून झाल्यावर, त्याच बैठकींत, समोरच्या मंडळींकडे पाहून, जें कांहीं स्वतःच्या मनानें आयत्या वेळीं निर्माण करतो, त्यास संगीतज्ञ ‘उपज’ असें म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. बीं मागल्या सालचें, जमीन वडिलोपार्जित, पाऊस आपल्या हातचा नव्हे. तरी जें उगवतें तें ह्या सालचें असतें. तुम्हांपैकीं बहुतेकांच्या घरीं भाताची लावणी होते; तेव्हां ह्या शब्दाचा अर्थ तुम्हांस कोश न उघडतां कळेल.

ह्या उपजेच्या कामांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक नवा भागीदार येऊन बसला आहे. तो म्हणजे संगणक. पाश्चात्य देशांत कलावंतांनीं संगणकाच्या साहाय्यानें अशीं ‘मांडणशिल्पें’ उभारलीं आहेत, कीं त्यांच्या दालनांत पाऊल टाकलें असतां यंत्र आपला आवाज ऐकतें, आपली हालचाल पाहतें, आणि त्यास अनुसरून सूर काढतें किंवा मान वळवितें. (मांडणशिल्प म्हणजे चौथऱ्यावरचा पुतळा नव्हे, सबंध दालनच कलाकृति म्हणून मांडलेलें असतें आणि पाहणारा त्याच्या आंत शिरतो.) ह्या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं एक प्रश्न आहे. माणसास जर गाणें आयत्या वेळीं सुचत असेल, आणि यंत्रासही आयत्या वेळीं कांहीं काढून दाखवितां येत असेल, तर त्या जोडींत स्वाधीन कोण आणि पराधीन कोण? माणूस यंत्रास नाचवितो, कीं यंत्र माणसास?

हा प्रश्न लंडन-आमस्टरडॅमचा आहे, शहापूर-मुरबाडचा नव्हे, असें पालकवर्गांतील कोणी म्हणतील. आमचें मत निराळें आहे. म्हणून दूर जाण्यापूर्वीं आपण घराजवळच्या दोन वस्तूंकडे पाहूं : एक तारपा आणि दुसरें जातें.

तारपा तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. वाळलेला भोपळा कोरून, त्यास बांबूच्या दोन नळ्या व पुढें ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडून वारली लोक हें वाद्य तयार करतात. सांधे मेणानें बुजवितात. पूर्वीं अखंड असलेल्या ठाणे जिल्ह्याचें हें भूषण. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हां जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हा तारप्याचा मुख्य मुलूख तिकडे गेला. तरी आपल्या दोन तालुक्यांतील वारली पाड्यांस तो परका झालेला नाहीं. तारपकरी अंगणाच्या मध्यभागीं उभा राहतो आणि श्वास न तोडतां वाजवीत राहतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोंवतीं फेर धरतात. तारप्याकडे पाठ करीत नाहींत. फेराच्या टोकाचा म्होरक्या घुंगूरकाठी जमिनीवर आपटून ताल सांभाळतो. तारपकऱ्यानें सूर पालटला कीं पावलांची चाल पालटते. २०११ सालीं पद्मश्री मिळालेले कै. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनीं हा फेर देशोदेशीं नेला. शंखाच्या वेढ्यासारखी ती माणसांची रांग आतां शहरांतल्या भिंतींवर आणि पडद्यांवरही दिसते.

आतां सांगा, ह्यांत हुकूम कोणाचा? वरवर पाहतां तारपकऱ्याचा. परंतु आम्हीं जे दोन-चार तारपकरी जवळून पाहिले, त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर नव्हती, ती पावलांवर होती. फेरांत नवीं पोरें शिरलीं आणि अडखळूं लागलीं, कीं तीच चाल आणखी थोडा वेळ चालूं राही. मंडळी रंगांत आली, कीं मगच ती बदले. म्हणजे पावलें सुरांच्या मागें आणि सूर पावलांच्या मागें. कोण पुढें, कोण मागें, हें त्या फेराप्रमाणेंच वाटोळें आहे. त्यास टोंक सांपडत नाहीं.

गेल्या संमेलनांत हाच नाच आपल्या मुलामुलींनीं ध्वनिमुद्रणावर केला. पोशाख उत्तम होता, पावलेंही चांगलीं बसविलीं होतीं. मध्यें एका लहान मुलीच्या पायांतील पैंजण सुटून ती वांकली आणि फेर क्षणभर तुटला. तारपकरी असता तर थांबला असता, निदान तीच चाल घोळवीत राहिला असता. पेटींतून येणारा तारपा मात्र पुढच्या चालीवर गेला. त्यास मुलगी दिसत नव्हती. मुलांनीं धांवतपळत त्यास गांठलें, प्रेक्षकांनीं टाळ्या दिल्या. पण त्या अर्ध्या मिनिटांत आमच्या डोळ्यांपुढें आजच्या विषयाचा गाभाच उभा राहिला. लग्नसराईंत पाड्यापाड्यांवर जे मोठमोठे कर्णे येतात, त्यांचीही हीच गोष्ट. आवाज छाती दणाणून सोडतो. परंतु नाचणारा दमला कीं रंगला, हें त्या आवाजास कळत नाहीं. पालकांपैकीं कोणाच्या घरीं तारपा वाजविणारें माणूस असेल, तर त्यांनीं शाळेंत अवश्य कळवावें. मुलांनीं तें जिवंत ऐकणें जरूर आहे.

आतां जातें. जात्यास आम्ही वाद्यांत बसवितों म्हणून हंसूं नये. पहांटे दोघी बायका खुंट्यास हात लावून बसत, दगड फिरूं लागे, आणि त्याच्या घरघरीवर ओवी उठे. दगडाची फेरी हा ताल; तो मोडतां येत नसे, कारण हातच त्यास बांधलेला. परंतु त्या बांधलेल्या तालावर काय म्हणावयाचें, हें सांगणारा दुसरा कोणी नव्हता. माहेर, सासर, भाऊ, पोरगें, नवऱ्याचा जाच, पंढरीची वाट, जें मनांत असेल तें ओवींत येई. जुनी ओवी घ्यावी, तिचें एक चरण पालटावें, शेजारणीनें तिला दुसरें जोडावें, अशी ती उपज होती. ज्या बाईस दिवसभर घरांत उलट बोलण्याची मुभा नसे, तिला पहांटेच्या त्या तासांत मुभा असे. पुढें गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या. जातें गेलें ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. ज्यांनीं तें ओढलें त्यांच्या खांद्यांस विचारावें. मात्र कष्टांबरोबर ओवीही गेली, एवढें खरें.

ती सर्वस्वीं गेली नाहीं, ह्याचें श्रेय पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांस आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्या लावण्यासाठीं व त्यांचे आवाज सांठविण्यासाठीं संगणकाचें काम बर्नार्ड बेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं केलें. आज हा संग्रह ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताविषयींच्या संकेतस्थळावर कोणासही ऐकतां येतो. बेल यांचें नांव ध्यानांत ठेवा. थोड्याच वेळांत तें पुनः येणार आहे.

तारपा आणि जातें ह्या दोहोंत एक गोष्ट समान आहे. कांहीं भाग बांधलेला, कांहीं मोकळा. संगणकास उपज शिकवावयाची, तर हा बांधलेला भाग त्यास नियमांच्या रूपानें सांगावा लागतो. तो कसा सांगतात, हें आपण एका लहान खेळानें पाहूं. पाटी-पेन्सिल घ्यावी.

समजा, तबल्याचे दोनच बोल आपल्याजवळ आहेत. ‘धा’ एका मात्रेचा आणि ‘तीट’ दोन मात्रांचा. एकंदर आठ मात्रा वाजवावयाच्या. शेवटच्या दोन मात्रांवर ‘धीना’ यावयाचेंच, तें बांधलेलें. उरल्या सहा मात्रा मोकळ्या. त्या ‘धा’ आणि ‘तीट’ यांनीं किती प्रकारें भरतां येतील? सावकाश मांडून पाहिल्यास उत्तर १३ येतें. तीन तीट घेतल्यास एक प्रकार, दोन तीट व दोन धा घेतल्यास सहा, एक तीट व चार धा घेतल्यास पांच, आणि सर्व धा घेतल्यास एक. ही संख्या कांहीं आकस्मिक नाहीं. मात्रा एक असल्यास प्रकार १, दोन असल्यास २, तीनांस ३, चारांस ५, पांचांस ८, सहांस १३. प्रत्येक संख्या मागल्या दोहोंची बेरीज आहे. युरोपांत ही मालिका १२०२ सालच्या फिबोनाची ह्या इटालियन गणित्याच्या नांवानें ओळखतात. परंतु लघु-गुरु अक्षरांचे मात्रावृत्तांतील प्रकार मोजतांना आपल्याकडील छंदःशास्त्रकारांनीं ती त्याच्या कितीतरी आधीं मांडली. विरहांक हा त्यांतील एक, आणि हेमचंद्र हा बाराव्या शतकांतील दुसरा. विरहांकाचा छंदोग्रंथ मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविणाऱ्या प्रा. ह. दा. वेलणकरांनीं संपादिला, हें आमच्यासारख्या मिशनच्या शाळा-कॉलेजांत शिकलेल्या माणसास सांगतांना थोडा अभिमान वाटतो.

तेरा प्रकार मिळाले, पण सर्वच कानास गोड लागतील असें नाहीं. सहा वेळां नुसतें ‘धा’ म्हणून पहा, ठोकाठोक होते. म्हणून आपण नियम घालूं, कीं तीन ‘धा’ लागोपाठ येऊं नयेत. तेरांपैकीं ८ उरतात. दुसरा नियम घालूं, कीं आरंभ ‘धा’नेंच व्हावा. आतां फक्त ४ उरले :

धा धा तीट तीट,
धा तीट धा तीट,
धा तीट तीट धा,
धा धा तीट धा धा.

प्रत्येकापुढें ‘धीना’ जोडून बाकावर बोटांनीं वाजवा. हे दोन नियम संगणकास दिले, तर तो ते चार प्रकार निमिषार्धांत काढील आणि चिठ्ठी टाकून त्यांतील एक आपणांपुढें ठेवील. आठांच्या जागीं बत्तीस मात्रा आणि दोहोंच्या जागीं दहा बोल घेतले, म्हणजे प्रकार इतके वाढतात कीं माणसाची पाटी पुरत नाहीं, संगणकाची पुरते. ‘यंत्राची उपज’ म्हणतात ती मुळांत ही : नियम आणि चिठ्ठी. आजचीं कांहीं यंत्रें नियम माणसाकडून घेत नाहींत, हजारों गाणीं ऐकून तीं तो स्वतःच ताडतात, आणि मोबाइलवर चार शब्द लिहिले असतां सबंध गाणें रचून देतात. तरी संभवनीय पुष्कळांतून एक उचलणें, हा प्रकार तोच आहे.

आतां बेल यांच्याकडे वळूं. जेम्स किपन हे इंग्रज अभ्यासक १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत लखनौस उस्ताद आफाक हुसेन खां यांच्याजवळ तबला शिकत होते. तबल्यांत ‘कायदा’ नांवाचा रचनाप्रकार असतो. एक बोलसमूह घ्यावयाचा आणि घराण्याची शिस्त न मोडतां त्याचे पलटे काढीत जावयाचें. ही शिस्त कोठें लिहिलेली नसते. ती गुरूच्या कानांत असते. किपन व बेल यांनीं १९८२ च्या सुमारास ‘बोल प्रोसेसर’ नांवाचा संगणक-कार्यक्रम तयार केला. आपल्या वरच्या खेळाप्रमाणेंच, पण पुष्कळ बारकाईनें, त्यांत कायद्याचे नियम घातले. मग यंत्रानें पलटे काढावे आणि उस्तादांनीं ते ऐकून बरा कीं वाईट तें सांगावें. वाईट ठरला कीं नियम दुरुस्त करावयाचा आणि पुनः यंत्र चालवावयाचें. उलटही करीत, उस्तादांनीं स्वतः काढलेला पलटा यंत्रास घालून तो नियमांत बसतो कीं नाहीं हें पाहत. पुढें त्यांनीं उदाहरणांवरून आपणच नियम शोधणारा दुसरा कार्यक्रम केला. त्याचें नांव ‘कवायद’. कवायद हें कायद्याचें अनेकवचन. आपल्या मैदानावरची कवायत ती हीच, हें जातां जातां सांगून ठेवतों.

ह्या प्रयोगांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती उस्तादांची ‘नाहीं’. यंत्रानें काढलेला पलटा नियमांत अगदीं चोख बसतो. यंत्राच्या हिशेबीं त्यांत कांहीं उणें नाहीं. आणि तरी शिकलेला कान म्हणतो, हा आमचा नव्हे. ह्याचें कारण गुरु पुष्कळदां शब्दांनीं सांगण्याऐवजीं वाजवून दाखवितो, हें आपल्याकडील संगीत शिकलेल्या कोणासही ठाऊक आहे. म्हणजे ‘नाहीं’ आधीं आली, नियम मागून आला. ज्याच्याजवळ नियम मोडला जाण्यापूर्वींच ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति आहे, त्यास आम्ही स्वाधीन म्हणतों. पुण्याचे प्रा. हरि सहस्रबुद्धे हे गणकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नी कै. वीणा सहस्रबुद्धे ह्या ख्यातनाम गायिका. प्राध्यापक महाशयांनीं रागांतील स्वरांच्या चालीचे नियम संगणकास कसे सांगावे ह्याचा अभ्यास केला. ज्या घरांत एकीकडे नियम मांडले जातात आणि दुसरीकडे तंबोरा लागतो, त्या घरांतील संभाषण ऐकावयास मिळालें असतें तर काय बहार झाली असती!

बोल प्रोसेसर पुढें नाचाच्या कामीं आला. १९९४ सालीं मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ह्या संस्थेंत आंद्रेईन बेल यांचा ‘क्रोनॉस’ हा नृत्यप्रयोग झाला. त्यांतील संगीताचा कांहीं भाग ह्या यंत्राच्या साहाय्यानें रचलेला होता. आसनगांवाहून लोकल गाडीनें जेथें आपण सकाळीं निघून दुपारच्या आंत पोंचतों, तेथलीच ही हकीकत आहे.

परंतु बोल प्रोसेसर बोलतो, तो समोरच्यास पाहत नाहीं. त्या बाबतींत तो संमेलनांतील पेटीच्या जातीचा. समोरच्यास पाहणारें, ऐकणारें यंत्र हवें, ही तहान ज्यांस लागली ते मांडणशिल्पकार. त्यांच्यापैकीं तिघा-चौघांचीच ओळख येथें करून देतों.

गॉर्डन पास्क ह्या इंग्रजानें १९५३ सालीं ‘म्युझिकलर’ नांवाचें यंत्र केलें. सुटसुटीत संगणक तेव्हां नव्हते. त्यानें विजेच्या तारांच्या रचनेंतच तें काम भागविलें. वादक वाजवी, यंत्र ऐके आणि रंगीत दिवे खेळवी. ह्यांत नवल असें फारसें नाहीं. नवल पुढें आहे. वादक तेंच तेंच वाजवूं लागला, कीं यंत्रास ‘कंटाळा’ येई! दिवे मंद होत, उत्तर देत नसत. मग बिचारा वादक लय बदली, वरच्या सप्तकांत जाई, कांहींतरी नवें काढी, तेव्हां कोठें दिवे पुनः उजळत. पहा, यंत्र वादकास साथ करीत होतें कीं त्याची परीक्षा घेत होतें? आजच्या मोबाइलचें वागणें ह्याच्या नेमकें उलट आहे. आपण एक गाणें दोनदां ऐकलें कीं तो त्याच घाटाचीं वीस गाणीं पुढें करतो. आपला कंटाळा यावयाच्या आधींच पोट भरून टाकतो. दोहोंतील कोणतें यंत्र मुलांच्या अधिक हिताचें, ह्याविषयीं पालकांनीं विचार करावा. आमचा कल पास्ककडे आहे.

दुसरें उदाहरण ‘सेन्स्टर’. एडवर्ड इहनातोविच हा पोलंडांत जन्मलेला व इंग्लंडांत राहिलेला शिल्पकार. फिलिप्स कंपनीच्या आयंडहोव्हन येथील प्रदर्शनगृहांत त्यानें १९७० सालीं एक अजस्र यांत्रिक प्राणी उभा केला. सुमारें पंधरा फूट लांब, पोलादी नळ्यांचा सांगाडा, तीन पाय आणि मोठी लांब मान. मानेच्या टोकाशीं आवाज टिपणारे ध्वनिग्राहक, हालचाल ओळखणारें रडार, आणि मागें संगणक. कोणी हळू आवाजांत बोललें कीं तो प्राणी मान वांकवून त्याच्याकडे येई. कोणी ओरडलें किंवा एकदम हात हलविले कीं दचकून मागें सरे. नियम थोडेच होते. परंतु दालनांत माणसें पुष्कळ आणि आवाज सर्व बाजूंनीं, त्यामुळें त्याचें वागणें जिवंत जनावरासारखें गहन भासे. पोरें त्यास हांका मारीत, मोठीं माणसें त्याच्याशीं कुजबुजत. चार वर्षांनीं, १९७४ सालीं, तो मोडून ठेवण्यांत आला. २०१८ सालीं पोलंडांतील क्राकाव येथील विद्यापीठानें त्यास दुरुस्त करून पुनः चालता केला. त्या दालनांतील लोक हळू बोलावयास शिकले, आणि तें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. हें चांगलें कीं वाईट? वर्गांत आम्ही खुर्चीवरून जें साधण्यासाठीं वर्षभर धडपडतों, तें एका लोखंडी मानेनें पांच मिनिटांत साधलें, ह्याचें कौतुक वाटतें. आणि माणसें नकळत यंत्राच्या सोयीनें वागूं लागतात, ह्याची भीतीही वाटते.

कॅनडाच्या डेव्हिड रोकबीनें १९८६ पासून जें शिल्प मांडलें, त्यांत रिकाम्या दालनांत फक्त एक कॅमेरा असे. माणूस हात हलवी, कमर वळवी, आणि त्या हालचालीचे सूर होत. तारप्याच्या बरोबर उलट ही व्यवस्था : तेथें सुरांमागें पावलें, येथें पावलांमागें सूर. दोन्ही दिशा एका वेळीं वाहतात ती फक्त आपल्या अंगणांतील फेरांत.

तेथवर पोंचण्याचा प्रयत्न जॉर्ज लुईस यांनीं केला, असें आम्हांस वाटतें. हे शिकागोचे कृष्णवर्णी वादक. ट्रोंबोन हें पितळी वाद्य वाजवितात. १९८७ च्या सुमारास त्यांनीं आमस्टरडॅम येथें ‘व्हॉयेजर’ नांवाचा कार्यक्रम रचला. तो वादकाचे सूर ऐकतो व त्यांचा विचार घेतो; पण वादक थांबला तरी स्वतः वाजवीत राहतो, कारण त्याचा स्वतःचा कांहीं डाव चालूं असतो. वादकानें आज्ञा करावी आणि यंत्रानें पाळावी, ही कल्पनाच लुईस यांस मान्य नाहीं. ज्या समाजाच्या पूर्वजांनीं गुलामगिरी सोसली, त्याच्या कलावंतास धनी आणि दास हें नातें यंत्राशींही नको वाटावें, हें सहज समजण्यासारखें आहे. त्यांचें वादन आणि यंत्राचें वादन जेथें एकमेकांस अडवितात, तेथेंच खरी गंमत असते; दोघे सभ्यपणें एकमेकांच्या मागें चालले म्हणजे कंटाळा येतो.

मग यंत्रास उपज आली म्हणावें काय? आमचें उत्तर असें, कीं उगवण आली, उपज आली नाहीं. उगवलेलें आपलें म्हणावयास शेताचा कोणी धनी लागतो. जात्यावरच्या बाईनें सासूविषयीं ओवी रचली, तर ती ऐकून सासू रागावण्याची भीति होती. तरी तिनें ती म्हटली. तारपकऱ्यानें भलतीच चाल धरली, तर दुसरे दिवशीं त्याच माणसांबरोबर त्यास शेतावर जावयाचें असतें. उस्ताद ‘नाहीं’ म्हणाले, तेव्हां पिढ्यान्‌पिढ्यांचें घराणें त्यांच्या पाठीशीं उभें होतें. व्हॉयेजरनें वाईट वाजविलें, तर त्यास कांहींच होत नाहीं. लाज वाटते ती लुईस यांस. उपज ही अशा लाजेच्या आणि धाडसाच्या मधल्या जागेंत राहते. यंत्रानें काढलेले सूर सुंदर असूं शकतात, आम्हीं ऐकले आहेत. त्यांच्याशीं बोलतां बोलतां माणसास नवें सुचूं शकतें, हेंही खरें. परंतु मोबाइलनें रचून दिलेलें गाणें स्वतःचें म्हणून जो विद्यार्थी वर्गांत म्हणतो, त्यास आम्हीं विचारावें, कीं बाळ, ह्यांतील कोणत्या ओळीस तूं ‘नाहीं’ म्हणालास? एकीसही नसेल, तर त्या गाण्यांत त्याचें कांहीं नाहीं. दोनतीन ओळी खोडून त्यानें आपल्या घातल्या असतील, तर तेवढें गाणें त्याचें झालें. त्या ओळी ओबडधोबड असल्या तरी चालेल.

आतां अभ्यास. वरच्या खेळांत मोकळ्या मात्रा सहाच्या जागीं सात घ्याव्या. एकंदर प्रकार किती, हें मागल्या दोन संख्यांची बेरीज करून कोणीही सांगेल. तीन ‘धा’ लागोपाठ नकोत हा नियम लावल्यावर किती उरतात, आणि आरंभ ‘धा’नें करावयाचा म्हटल्यास किती, तें मात्र मांडूनच काढावें लागेल. इयत्ता आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनीं तिसरा एक नियम आपल्या मनानें घालावा आणि तो कां घातला तें एका वाक्यांत लिहावें. मग उरलेल्यांतून एकच प्रकार निवडून, शेजाऱ्यास बाकावर ठेका धरावयास सांगून, गायनाच्या तासास वाजवून दाखवावा. शेजाऱ्यास ‘हा नको’ असें म्हणण्याची मोकळीक राहील. तसें झाल्यास दुसरा निवडावा, किंवा हाच कां हवा तें त्यास वाजवून पटवावें.